कशाला पायजे?

हत्यार हा आपल्या भाषेतला मोठा चमत्कारिक शब्द आहे. गवंड्याची थापी हत्यार, सुताराचा रंधा हत्यार, न्हाव्याचा वस्तरा हत्यार. आणि पोलिसांनी कुणाच्या माळ्यावरून तलवार काढली तर पंचनाम्यात तेही हत्यारच. शब्दाचं मूळ पंडितांनी शोधावं. आमच्या कानाला मात्र त्यात कधी 'हात' ऐकू येतो, कधी 'हत्या'.

खंडेनवमीला हा घोळ पाटावर मांडलेला दिसतो. आमच्या घरी विळा, खुरपं, कुऱ्हाड, कोयता, अडकित्ता आणि आईची विळी एका ओळीत पुजली जायची. शेजारच्या पाटलांच्या वाड्यात त्याच ओळीत एक गंजलेली तलवार असायची. कोल्हापुरात उद्यमनगरात त्या दिवशी लेथ मशीनला झेंडूच्या माळा घालतात, तालमीत दांडपट्ट्याला हळदकुंकू लावतात. बोट कापणारं, भाकरी मिळवून देणारं आणि माणूस मारू शकणारं, सगळ्यांना एकच नमस्कार. लहानपणी यात काही वावगं वाटलं नाही. साठी ओलांडल्यावर, घरच्याच गोठ्यात हत्यारं तयार व्हायला लागली, तेव्हा मात्र विचार करायची वेळ आली. जो हत्यार घडवतो, त्याची जबाबदारी कुठंपर्यंत जाते?

आमचं गाव कागल तालुक्यात. जनावरं विकल्यापासून मागचा गोठा रिकामाच होता. धाकट्या बहिणीचा मुलगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला आहे. डिप्लोमा झालेला, हाताला गुण असलेला पोरगा. एक दिवस म्हणाला, "मामा, गोठा मला देशीला काय? चाकू करायचं म्हणतोय. हातानं. भट्टी घालून."

मी म्हटलं, "लेका, दिवसभर कारखान्यात आग बघतोस, घरी येऊन परत आगच?"

"तिथं साच्यात ओततोय मामा. एकासारखे हजार. हितं एकेकच करायचं."

गोठा दिला. मग गोठ्याचं रूप पालटत गेलं. पत्रा काढून उंच केला, दोन्ही अंगांना हवा खेळती राहील अशा खिडक्या पाडल्या. आगीच्या विटांची बुटकी भट्टी रचली. भात्याऐवजी ब्लोअर बसला. उद्यमनगरात एका ओळखीच्या लेथवर रोलर कातून घेतले आणि जुन्या मोटारीवर पट्ट्याचा ग्राइंडर उभा केला. शेगडा, कानशी, सांडशी, वाळूची बादली, डोळ्याला चष्मा, तोंडाला मास्क. भंगारातून ट्रकच्या कमानपाट्याचे तुकडे आले, जुन्या बेअरिंगच्या रिंगा आल्या. कल्हईसारखा पांढरा जस्ताचा थर असलेला तुकडा मात्र त्यानं पहिल्याच दिवशी बाजूला फेकला. तो तापवला की धूर विषारी होतो, हे त्याला फौंड्रीत शिकवलेलं.

सगळं जमलं, ऐरण तेवढी नव्हती. ती गावातल्या लोहारआप्पांकडं होती. आप्पांचं वय ऐंशीच्या घरात. दोन्ही मुलगे शहरात नोकरीला, भट्टी कधीच विझलेली. ऐरण मागायला भाचा गेला तर आप्पा म्हणाले, "ऐरण एकली यायची न्हाई. माज्यासकट न्यावी लागंल." तसे ते आले. रोज सकाळी काठी टेकत येतात, पिंपावर बसतात, चहा घेतात आणि चुका काढतात.

चाकू कसा होतो हे मी त्या दोघांच्या भांडणातून शिकलो. लोखंड ओळखायचं ते ठिणगीवरून. ग्राइंडरला लावलं की साध्या लोखंडाची ठिणगी सरळ, लांब दांड्यासारखी जाते. धार धरणाऱ्या लोखंडात कार्बन जास्त, त्याची ठिणगी फुटून फुलं होतात. मग तापवून ठोकायचं, आकार आणायचा आणि शेवटी 'पाणी द्यायचं'. या पाणी देण्यावरच सगळा खेळ. लाल झालेल्या पात्याला लोहचुंबक चिकटेनासं झालं की आणखी थोडं तापवायचं आणि कोमट तेलात बुडवायचं. पातं कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळ. खाली पडलं तर दोन तुकडे. म्हणून परत मंद आचेवर, साधारण 200 अंशांवर, दोन-दोन तास दोनदा ठेवायचं. घासून उजळलेल्या पात्यावर तुपासारखा फिकट पिवळा रंग चढतो. कडकपणा किंचित उतरतो आणि त्या जागी चिवटपणा येतो. आप्पा म्हणाले, "निस्तं कडक आसून चालत न्हाई. माणूस काय आन् लोखंड काय."

पण हे सगळं पुढचं. त्याआधी आप्पा एकच गोष्ट विचारायचे आणि तिचं उत्तर मिळेपर्यंत भाच्याला भट्टी पेटवू द्यायचे नाहीत. "कशाला पायजे?"

भाच्यानं पहिला चाकू करायला घेतला तेव्हा आप्पांनी विचारलं, "कशाला पायजे ह्यो?"

"असाच. चांगला दिसंल असा."

"आसाच म्हंजे? काय कापायचं हाय?"

"काय बी कापंल की."

"काय बी कापणारं हत्यार काय बी धड कापत न्हाई." आप्पांनी तुकडा ऐरणीवरून खाली ठेवला.

पहिल्यांदा मला ही म्हाताऱ्याची खोड वाटली. हळूहळू कळलं की ती या विद्येची पहिली पायरी आहे. मटणाच्या दुकानातला सत्तूर हाडावर पडतो. त्याची धार जाड कोनाची लागते आणि वजन पुढं लागतं. तीच धार भाजीच्या सुरीला दिली तर टोमॅटो चेपतो, कापत नाही. कोल्हापुरी चपला करणाऱ्याची रापी चामड्यात दाबून चालवायची असते. तिला तोंड रुंद आणि धार पातळ. तीच रापी हाडावर मारली तर तोंडाचा तुकडा उडेल. विळा ओढून कापतो म्हणून वाकडा. ऊसतोडीचा कोयता जमिनीलगत, बुडख्यावर घाव घालतो. तो फार हलका असून चालत नाही आणि फार कडकही चालत नाही, कारण मातीतला दगड कधी मध्ये येईल सांगता येत नाही. जपानी स्वयंपाकघरात मासा चिरायची सुरी वेगळी, कच्च्या माशाचे काप काढायची वेगळी, भाजीची वेगळी. ते लोक चोचले करतात असं नव्हे. त्यांच्याही लोहारानं हाच प्रश्न विचारला असला पाहिजे.

म्हणजे लोखंड कोणतं घ्यायचं, पाठ किती जाड ठेवायची, पाणी किती द्यायचं, उतरवायचं किती, मूठ केवढी करायची, ह्या सगळ्यांची उत्तरं त्या एका उत्तरात असतात. हत्यार चांगलं व्हायचं तर कारागिराला ते कशासाठी आहे हे कळलंच पाहिजे. आणि ते कळलं, की मग 'मला काय ठाऊक' म्हणायची सोय राहत नाही. कारागिरीचा प्रश्न आणि नीतीचा प्रश्न, दोन्ही एकाच तोंडानं विचारले जातात.

गंमत म्हणजे कायदाही हेच विचारतो. 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्राची व्याख्या केली आहे आणि केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी केलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा हिशेब आहे, पण तिथंही घरकाम, शेती, शास्त्र, उद्योग यांसाठी बनवलेली पाती वेगळी धरली आहेत. निव्वळ मापानं शस्त्र ठरत नाही. ते कशासाठी घडवलं, हे बघावंच लागतं.

इथं कुणी म्हणेल, विचारून होतं काय? खोटं बोलायला काय पैसे पडतात? खरं आहे. आणि आप्पांच्या आयुष्यातच त्याचा दाखला आहे.

चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. गावात दोन भावकीत बांधावरून भांडण पेटलं आणि एकानं दुसऱ्याच्या खांद्यावर कुऱ्हाड घातली. माणूस वाचला, पण हात कायमचा गेला. कुऱ्हाड मुद्देमालात जमा झाली. ती कुणी केली हे गावात लहान पोरालाही ठाऊक होतं, कारण आप्पा प्रत्येक हत्यारावर छिन्नीनं तीन बारीक रेघा मारायचे. पोलिसांनी त्यांना बोलावून विचारलं, त्यांनी ओळख पटवली आणि घरी आले. पुढं त्यांना कुणी काही म्हटलं नाही.

मी हल्लीच त्यांना विचारलं, "आप्पा, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, त्याला मी इचारलं हुतं. बाभळ तोडायची हाय म्हणाला. खोटं न्हवतं. दोन वरीस त्यानं बाभळीच तोडल्या की."

"मग तुमचा काय दोष?"

"दोष न्हाई. पर हात वळखीचा हुता न्हवं. त्येची मूठ मी त्येच्या हाताच्या मापानं केलती." मग काठीनं जमिनीवर रेघ ओढत म्हणाले, "कुऱ्हाड बाभळीचीच केलती म्हणून झोप लागली. माणसासाठी म्हणून केली आसती तर लागली नसती."

मला वाटतं, या प्रश्नावर याहून खरं उत्तर मी वाचलेलं नाही. करणारा सगळ्याचा धनी होऊ शकत नाही. वस्तू हातातून गेली की तिच्यावर दुसऱ्याचा हात बसतो, आणि त्या हाताला त्याचं स्वतःचं मन असतं. पण म्हणून करणारा कशाचाच धनी नाही, हेही खोटं. त्यानं विचारलं का, उत्तर ऐकलं का आणि उत्तर ऐकून काय घडवलं, एवढा तुकडा त्याचा. त्या तुकड्याबद्दल आप्पा निश्चिंत आहेत. उरलेल्याबद्दल त्यांना दुःख आहे. दोष आणि दुःख यांत फरक आहे, आणि शहाणा माणूस दोष नसतानाही दुःख टाकून देत नाही.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर जुनं ते सगळं सोनं असा समज होईल. बलुतेदारीच्या काळात लोहाराला प्रत्येक हात ओळखीचा होता, हे खरं. सुगीला खळ्यावर धान्याचं बलुतं मिळायचं आणि त्याबदल्यात वर्षभर गावाचे विळे, फाळ, कुऱ्हाडी बघायच्या. पण त्या ओळखीला दावं बांधलेलं होतं. लोहार 'कशाला पायजे' असं विचारू शकत होता, 'करणार नाही' असं म्हणू शकत नव्हता. वाड्यावरून निरोप आला की भाता फुंकायचाच. बलुतं कमी टाकलं तरी फुंकायचा. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 साली आपल्या संस्थानात बलुतेदारीची सक्ती काढून टाकली, ती उगीच नव्हे. कोणत्या घरात जन्मलास यावरून कुणाचं काम करायचं हे ठरू नये, एवढी साधी माणुसकी त्यात होती. कागदावरची सक्ती गेली तरी गावातली जायला पुढं कितीतरी वर्षं लागली. आप्पांच्या वडिलांचा जन्म त्या सक्तीतच गेला.

पुढं बाजार आला. गावात पाल ठोकून उतरणारे घिसाडी आधीपासून होते, त्यांची बायामाणसं उभी राहून घण मारायची. ते परक्यालाच विकायचे, पण समोर उभ्या असलेल्या परक्याला. आता कारखान्यातले कोयते आठवडी बाजारात ढिगानं मिळतात. विकणारा नाही म्हणू शकतो, पण विचारतंय कोण? जुन्या व्यवस्थेत विचारणं होतं, नकार नव्हता. नव्या व्यवस्थेत नकाराची मोकळीक आहे, विचारणंच गेलं. गोठ्यात भट्टी घालून बसलेल्या माझ्या भाच्याजवळ दोन्ही आहेत. त्याला कुणी जन्मानं लोहार केलेलं नाही, पोटही त्याच्यावर अवलंबून नाही. म्हणूनच त्याला सबब कमी.

त्याची परीक्षा गेल्या उन्हाळ्यात झाली. चाकूचे फोटो मोबाइलवरून फिरले होते, ऑर्डरी यायला लागल्या होत्या. एक दिवस तालुक्याच्या गावाहून तीन पोरं मोटरसायकलवरून आली. वीस-बावीसची. अंगात सारखे टी-शर्ट. म्हणाली, मोठा कोयता पाहिजे. पातं चकचकीत, त्यावर नाव कोरलेलं. पैसे सांगाल तेवढे.

भाच्यानं विचारलं, "कशाला पायजे?"

पोरं एकमेकांकडं बघून हसली. "दादाचा वाढदिवस हाय. केक कापायचा."

तलवारीनं नाहीतर कोयत्यानं केक कापायचा, त्याचं रील करायचं आणि मग पोलिसांनी गुन्हा नोंदवल्याची बातमी यायची, हे आता महाराष्ट्रात नवीन राहिलेलं नाही. पुण्याच्या बातम्यांत तर 'कोयता गँग' हा शब्द रुळून गेला. ज्या हत्यारानं आमच्या जिल्ह्याची साखर उभी राहते, त्याचं नाव ऐकलं की शहरातली आई पोराला दारातून आत घेते. असं एका शब्दाचं झालं.

भाचा लगेच नाही म्हणाला नाही. पोरं बाहेर चहाला गेली तेव्हा मला म्हणाला, "मामा, पैसे बरे हायत. बेल्टचा खर्च निघंल. आन् मी न्हाई दिला तर बाजारात तीनशे रुपयांत घेतील. मग मी न्हाई म्हणून काय फरक पडतोय?"

प्रश्न खरा होता, त्यामुळं मी उपदेश केला नाही. या वादात तो दर वेळी पुढं येतो, आणि दुसरा देईलच हे त्यातलं गणित बरोबर आहे. पण ते बाजाराचं गणित. त्यावरून बाजारात किती कोयते राहतील ते कळतं. आपल्या हातून काय निघालं ते त्यावरून कळत नाही. शेजारचा दुधात पाणी घालतो म्हणून गावात तेवढंच पाणीदार दूध राहणार असेल, तरी आपल्या चरवीत पाणी घालायचं की नाही हा प्रश्न आपल्यापुरता शिल्लक राहतोच.

पिंपावरून आप्पा म्हणाले, "केकला किती पाणी देणार?"

भाच्याला आधी कळलं नाही. मग तो हसायला लागला. केक कापायला कोणतं लोखंड? कोन किती? वजन पुढं की मागं? एकाही गोष्टीचं उत्तर नव्हतं, कारण त्या कोयत्यानं कापायचं काहीच नव्हतं. तो दाखवायला पाहिजे होता. दाखवायचं म्हणजे भीती घालायची. तेवढं एक काम त्याला होतं, आणि ते करणारं हत्यार चांगलं कसं करायचं हे आप्पांना ऐंशी वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

पोरं परत आली तेव्हा भाचा म्हणाला, "ऊस तोडायचा आसंल तर करून देतो. केकला घरातली सुरी बास हाय." पोरं थोडी गुरकावली, 'लय शाणा हायस' म्हणाली आणि गेली. त्यांनी कोयता दुसरीकडून घेतला असणार. गोठ्यातून मात्र गेला नाही.

त्या दिवसापासून भाच्यानं एक वही घातली आहे. तारीख, नाव, माप आणि चौथा रकाना 'कशाला'. कुरिअरनं मागवणाऱ्यालाही तो फोन करून विचारतो. काही चिडतात, बरेच जण खुशीनं सांगतात. मी मधूनमधून ती वही चाळतो. 'आईला संधिवात, भाजी चिरायला, मूठ जाड.' 'मासे, पापलेट जास्त.' 'रापी, वडिलांची झिजली, तशीच.' एखाद्या डॉक्टरच्या वहीसारखी ती वाचावीशी वाटते. कुठल्या हाताला काय दुखतं, ते सगळं तिच्यात आहे.

कारखाने सुरू झाले की आमच्याकडं बीडकडची ऊसतोड माणसं येतात. त्यांच्या हिशेबात नवराबायको मिळून 'एक कोयता', एकटं माणूस 'अर्धा कोयता'. मुकादम उचल देतो तीही कोयत्यावर. इतका जवळचा शब्द, पण त्यात माणूस कुठंच दिसत नाही. गेल्या हंगामात फडावरून एक बाई गोठ्यात आली. हातातला कोयता पुढं करून म्हणाली, "दादा, धार लावून द्या."

भाच्यानं कोयता हातात घेतला, तोलून बघितला. म्हणाला, "ताई, ह्यो तुमच्या हाताला जड न्हाई का?"

बाई जरा गप्प झाली. अशी विचारपूस तिला नवीन असावी. मग म्हणाली, "मनगट धरतंय. पण समद्यांचे असेच असत्यात."

त्यानं दोन दिवसांनी नवा दिला. कमानपाट्याचाच, पण पाठ घासून उतरवलेली, मूठ बारीक, तोल किंचित मागं. पैसे तिनं मोजून दिले, फुकट नको म्हणाली. कोयता दोनदा हवेत फिरवून बघितला आणि फडाकडं गेली. वहीत त्या तारखेपुढं नाव आहे, माप आहे, आणि चौथ्या रकान्यात लिहिलंय: 'ऊस. उजवं मनगट दुखतं.'